न्यायालय कथा-कविता कशी वाचते? : ‘शामा’पासून ‘गांधी मला भेटला’पर्यंत

1962 सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता व शामा या तिघी, एवढाच तिचा ऐवज. दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले, पण कथा मात्र संपली नाही. पुण्यातील एका वाचकाने भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली अश्लीलतेची फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. शिक्षा होती पंचवीस रुपये दंड, आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 25 ऑगस्ट 1969 रोजी काकोडकर निर्दोष सुटले.

मराठी अश्लीलतेच्या खटल्यांची चर्चा निघाली की आपल्याला दोन नावे चटकन आठवतात. एक र. धों. कर्वे, दुसरे बा. सी. मर्ढेकर. ‘समाजस्वास्थ्य’वरील 1934 च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा तेथे गुन्हा ठरला आणि कर्व्यांना दंड झाला. मर्ढेकर ‘काही कविता’वरच्या खटल्यातून सुटले. एक समाजसुधारक, दुसरे नवकवितेचे प्रवर्तक. त्यांच्या बाजूने उभे राहणे आज कोणालाही अवघड वाटत नाही. काकोडकर मात्र लोकप्रिय कादंबऱ्या लिहिणारे. वाङ्मयेतिहासाच्या खंडांत त्यांच्यासाठी फारशी जागा नाही. तरीही मराठी लेखकाच्या स्वातंत्र्याला कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो या कथेमुळे. हा विरोधाभास समीक्षेने नीट तपासायला हवा.

न्यायालय साहित्य वाचते तेव्हा तेही एक प्रकारची समीक्षाच करत असते. फरक इतकाच की त्या समीक्षेच्या शेवटी शिक्षा असू शकते. म्हणून या निकालांकडे केवळ कायद्याचे दस्तऐवज म्हणून न पाहता वाचनाच्या पद्धती म्हणून पाहिले, तर काय दिसते?

हिक्लिनचा वाचक

आपल्याकडे दीर्घकाळ चाललेली अश्लीलतेची कसोटी 1868 च्या इंग्लंडमधील हिक्लिन खटल्यातून आली. ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे का, हा तिचा प्रश्न. वाङ्मयीन भाषेत सांगायचे तर ही कसोटी लेखनाचा वाचक आधीच ठरवून टाकते. तो कच्च्या मनाचा, एकाकी आणि पुस्तकातला नेमका तोच परिच्छेद उघडून बसलेला असतो. अशा वाचकासमोर पुस्तक सबंध येतच नाही. येतात ते फिर्यादीने खुणा केलेले तुकडे.

1964 साली सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी खटल्यात ही कसोटी मान्य केली. उदेशी हे मुंबईतील पुस्तकविक्रेते. डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल त्यांना दंड झाला. मुल्कराज आनंद यांच्यासारख्या कादंबरीकाराने त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती, तिचा उपयोग झाला नाही. याच कादंबरीवर इंग्लंडमध्ये खटला भरला गेला तेव्हा, 1960 साली, पेंग्विन प्रकाशन निर्दोष सुटले होते. ज्या देशाची कसोटी आपण उसनी घेतली, त्या देशात ती मागे पडत असताना आपण ती घट्ट धरून ठेवली.

‘शामा’चे वाचन

1969 च्या निकालाने हिक्लिन औपचारिकपणे मोडीत काढली नाही. ते 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात झाले. पण वाचनाची पद्धत ‘शामा’ने बदलली. उच्च न्यायालयाने बोट ठेवलेले उतारे सर्वोच्च न्यायालयाने कथेच्या ओघात परत ठेवून पाहिले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत याची दखल घेतली. लैंगिकतेचा नुसता उल्लेखही अश्लील मानला, तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, अशा आशयाचा इशाराही दिला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते निकालातील एक साधे निरीक्षण. कथा फार उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, तीत लेखकाची अपरिपक्वता आणि अपुरा अनुभव दिसत असेल, असे न्यायालय मोकळेपणाने म्हणते. आणि तरीही ती गुन्हा ठरत नाही, असा निर्णय देते. येथे दोन गोष्टी एकमेकींपासून अलग झाल्या. कथा चांगली आहे का, हा समीक्षेचा प्रश्न. कथा गुन्हा आहे का, हा कायद्याचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले म्हणून दुसऱ्याचे ‘होय’ होत नाही.

आपण साहित्यिक मंडळी नेमकी येथेच गडबड करतो. एखाद्या लेखकावर खटला होतो तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, “पण लेखन दर्जेदार आहे का?” दर्जा असला तर पत्रक निघते, सह्या होतात. नसला तर “स्वातंत्र्य ठीक आहे, पण जबाबदारीही हवी” असे म्हणून आपण बाजूला होतो. ‘शामा’चा निकाल आपल्यापेक्षा उदार होता, असे म्हणावे लागते. शिवाय सुमार कथेला संरक्षण नसेल, तर धाडसी कथेलाही ते टिकत नाही. धाडसी लेखन पहिल्या वाचनात अनेकांना सुमारच वाटते; मर्ढेकरांच्या वाट्याला हेच आले होते.

‘प्रजापती’ आणि साक्षीदार समीक्षक

बंगालीतील समरेश बसू यांच्या ‘प्रजापती’ कादंबरीची कथा ‘शामा’ला समांतर जाते. तीही शारदीय ‘देश’ या पूजा-अंकात प्रसिद्ध झाली होती. खालचे न्यायालय आणि कलकत्ता उच्च न्यायालय यांनी लेखकाला दोषी धरले. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. या खटल्यात बुद्धदेव बसू यांच्यासारखा कवी-समीक्षक साक्षीला उभा होता. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी उभे राहून त्याला काय सांगायचे आहे ते पाहावे, मग वेगवेगळ्या वयोगटांतील वाचकांच्या जागी जाऊन परिणाम तपासावा, अशी वाचनरीत या निकालाने सांगितली. ग्राम्य असणे म्हणजे अश्लील असणे नव्हे, हा भेदही त्याने केला. समीक्षेच्या वर्गात शिकवावी अशीच ही रीत आहे.

2015 : वळण

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता 1994 साली बँक कर्मचारी संघटनेच्या एका अंतर्गत नियतकालिकात पुन्हा छापली गेली आणि तिच्यावर फिर्याद झाली. दोन गटांत तेढ निर्माण करण्याचे आरोप आधीच गळाले. उरले ते कलम 292. 14 मे 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. वेळीच माफी मागितल्याची दखल घेऊन मुद्रक-प्रकाशकांना मुक्त करण्यात आले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. इतिहासात आदराचे स्थान असलेल्या व्यक्तीचे नाव घेऊन अश्लील शब्द वापरले असतील, तर समकालीन समाजमानाची कसोटी अधिक कठोरपणे लावावी, असे तत्त्व या निकालाने मांडले.

निकालाचा आदर राखूनही त्याच्या वाचनपद्धतीबद्दल दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा : कलम 292 चा रोख वाचकाच्या मनावर होणाऱ्या परिणामावर होता. नाव कोणाचे घेतले आहे याचा त्या परिणामाशी थेट संबंध नाही. येथे प्रश्न वाचक बिघडण्यावरून आदरणीय व्यक्तीच्या सन्मानावर सरकला. सन्मानाला धक्का लागणे ही वेगळी बाब आहे. तिला अश्लीलतेच्या कलमात बसवले की कलमाची हद्द पुसट होते.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. उपरोधाच्या कवितेत ‘गांधी’ हे नाव कोणासाठी येते? स्वातंत्र्योत्तर सार्वजनिक जीवनात गांधींचे जे केले गेले, त्याचे माप म्हणून ते येते. जी माणसे आणि ज्या जागा त्या नावाला कवितेत भेटतात, त्यांची विटंबना नावाच्या उंचीमुळेच जाणवते. ज्याच्याबद्दल आदरच नाही, त्याचे नाव मोजपट्टी म्हणून वापरता येत नाही. असभ्य शब्द आणि पूज्य नाव एका ओळीत आले म्हणून पहिल्याने दुसऱ्याचा अपमान केला, असे समजणे म्हणजे हिक्लिनच्या वाचकाचीच सवय. ‘शामा’ने तुकडे कथेत परत ठेवले होते, येथे नाव पुन्हा कवितेबाहेर काढले गेले.

गांधींबद्दल प्रामाणिक आदर असलेल्या वाचकाला ही कविता बोचू शकते, हे मान्य. त्याने तिच्यावर कडाडून टीका करावी, नियतकालिकाचे सभासदत्व सोडावे, उलट कविता लिहावी. दुखावलेल्या वाचकाला हे सारे मार्ग खुले आहेत, आणि ते खुले राहिले तरच साहित्यव्यवहार जिवंत राहतो.

समीक्षेचे काम

या खटल्यांचा आणखी एक धडा दंडाच्या आकड्यांत दडला आहे. काकोडकरांचा दंड होता पंचवीस रुपये. त्यासाठी लागली सात वर्षे. गुर्जरांच्या प्रकरणात 1994 पासून 2015 पर्यंत एकवीस वर्षे गेली आणि त्यानंतरही कवीला खटल्याकडेच बोट दाखवले गेले. खरी शिक्षा निकालात नसते. तारखा, वकिलांची फी आणि पुढच्या ओळीआधी थबकणारा हात यांत ती असते. लेखक निर्दोष सुटला तरी हे परत मिळत नाही.

म्हणून लेखकाला पाठिंबा देणे म्हणजे निषेधाच्या पत्रकावर सही करणे, एवढ्यावर भागणार नाही. प्रकाशकाने माफी मागून कडेला जाताना लेखक एकटा उरतो, हे 2015 ने दाखवले. तेव्हा लेखक-प्रकाशक करारात खटल्याचा खर्च कोण सोसणार हे आधीच लिहिलेले असावे. साहित्य संस्थांनी वादग्रस्त लेखनाचे सविस्तर, जाणकार वाचन वेळेत प्रसिद्ध करावे, म्हणजे वकिलाच्या हाती फिर्यादीतल्या उताऱ्यांशिवाय आणखी काही असेल. 1969 च्या दुरुस्तीने कलम 292 मध्ये साहित्य, कला आणि विज्ञान यांच्या हितासाठीच्या प्रकाशनाला अपवाद मिळाला. पण अपवाद आपोआप लागू होत नाही. तो दाखवून द्यावा लागतो. ते काम समीक्षकाचे आहे, आणि बुद्धदेव बसूंनी ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून केले.

आवडलेल्या लेखनासाठी हे करणे सोपे आहे. ‘शामा’सारख्या, स्वतः न्यायालयालाच फारशा न भावलेल्या कथेसाठी आपण ते करू का, यावर आपल्या स्वातंत्र्यप्रेमाची परीक्षा व्हावी.