‘सुखोईवर ब्रह्मोस बसवलं’: या वाक्यात काय गाळलंय?

या वेळी पेपर नाही, एक वाक्य वाचू. ‘नाशिकमध्ये सुखोई विमानावर ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवलं.’ तुम्ही हे कुठे ना कुठे वाचलं असेल, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये तर नक्कीच. वाक्य खरं आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने ते जसंच्या तसं गिळलं तर नुकसान आहे. का, ते सांगते.

आधी ठळक माहिती. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बनवायला सुरू झाला. पुढे तिथेच सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागली. हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही ओझरलाच. २५ जून २०१६ ला ब्रह्मोस पोटाखाली घेऊन सुखोईने तिथून पहिलं उड्डाण केलं. २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरातल्या लक्ष्यावर विमानातून पहिला मारा झाला. जानेवारी २०२० मध्ये तंजावरला २२२ स्क्वाड्रन या विमानांसह उभी राहिली. आमच्या सापगावहून शहापूरला आलं की मुंबई-नाशिक हायवे लागतो. कसारा घाट चढायचा, नाशिक ओलांडायचं, पुढे वीसेक किलोमीटरवर ओझर. म्हणजे विमानाच्या सांगाड्यात बदल करण्याचं देशातलं एक मोठं काम आपल्या हायवेवर झालं. आणि आपल्याला त्यातलं माहीत काय? तारखा, वेग, पल्ला.

सरकारी निवेदनात याहून थोडं जास्त आहे. विमानात यांत्रिक, विद्युत आणि सॉफ्टवेअरचे बदल करावे लागले. सॉफ्टवेअर हवाई दलाच्या इंजिनिअरांनी केलं, यांत्रिक आणि विद्युत काम एचएएलने. माझी तक्रार ‘यांत्रिक बदल’ या दोन शब्दांपाशी सुरू होते. सगळा विषय त्यांच्यात आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वृत्तांत त्यांच्यावरून सरळ पुढे जातो.

अडीच टन म्हणजे जड का?

बहुतेक ठिकाणी कारण दिलेलं असतं: क्षेपणास्त्र अडीच टनांचं, म्हणून विमान मजबूत करावं लागलं. हे कारण तपासून बघा. सुखोई-३० एमकेआयचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साधारण ३८.८ टन. ते बारा जागांवर मिळून सुमारे आठ टन शस्त्रं नेऊ शकतं. मग अडीच टनांनी एवढं काय बिघडलं? एका वृत्तांतात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात, तरी हा प्रश्न कुणी विचारत नाही.

उत्तर असं, की अडचण एकूण वजनाची नाही, जागेची आहे. आठ टन बारा जागांत विभागलेले असतात. अडीच टन एकाच जागी, पोटाच्या मध्यरेषेवर लटकतात. त्यात विमान काही शांतपणे सरळ उडत नाही. समजा त्याने ३ जीचं वळण घेतलं. (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय, विमानाची खरी मर्यादा नव्हे.) मग जोडणीला साडेसात टनांचा भार जाणवेल. विमानाच्या रचनेत मर्यादेच्या भारावर नेहमीचा १.५ चा सुरक्षा गुणक धरतात. म्हणजे सव्वाअकरा टन सोसेल अशी जोडणी हवी. भार फक्त खालीच ओढतो असंही नाही. आठ मीटरपेक्षा लांब वस्तू आहे. विमान कुशीवर वळताना ती बाजूलाही ओढणार, नाक वर-खाली होताना पुढचे-मागचे आकडे वेगवेगळे ताणणार.

आणि शेवटी ती सुटते. ब्रह्मोस आधी विमानातून खाली पडतं, मग त्याचं इंजिन पेटतं. अडीच टनांनी ताणलेला सांगाडा क्षणात मोकळा होतो, ताणलेली फांदी सोडल्यावर होते तसा. तो हिसकाही हिशेबात धरावा लागतो.

भाराला वाट लागते

विमानाच्या धडात भार कसा फिरतो, ते थोडक्यात. बाहेरचा पत्रा पातळ. त्याला आतून गोलाकार फ्रेम आणि लांबीच्या दिशेने पट्ट्या असतात. पातळ पत्र्याला तुम्ही त्याच्याच पातळीत ओढलंत तर तो भरपूर भार घेतो. काटकोनात एका बिंदूवर दाबलंत तर वाकतो. म्हणून लटकवलेली वस्तू थेट पत्र्याला कधीच अडकवत नाहीत. आकड्यातून फ्रेममध्ये, फ्रेममधून कडेकडेने पत्र्यात, पत्र्यातून पंखाच्या मुळाशी, अशी भाराची वाट आखावी लागते. नव्या विमानात ती कागदावर आधी आखता येते. तयार विमानात सगळ्या वाटा आधीच बांधलेल्या असतात, आणि त्या तुमच्या वस्तूसाठी बांधलेल्या नसतात.

इथे सगळ्यात जास्त फसवणारा शब्द येतो: ‘मजबूत केलं’. आपल्याला वाटतं, जाड केलं की झालं. शहापूरच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा. ट्रॉलीच्या चासीला भेग गेली, तो पट्टी मारून वेल्डिंग करतो. दोन हंगामांनी नवी भेग कुठे येते? बहुतेकदा पट्टीखाली नाही, पट्टीच्या कडेला. कारण ताठ भाग शेजारच्यापेक्षा जास्त भार स्वतःकडे ओढतो, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे तो भार एकदम मऊ भागात उतरतो. पट्टीने दुबळी जागा नाहीशी होत नाही, ती सरकते. म्हणून सांगाड्यातल्या कुठल्याही बदलाबद्दल पहिला प्रश्न ‘किती मजबूत केलं?’ हा नाही. ‘मजबुती संपते कुठे, आणि तिथे काय होतं?’ हा आहे.

कडेची किंमत

हा प्रश्न बारीकसारीक वाटत असेल तर दोन अपघात बघा. दोन्हीवर सविस्तर अहवाल निघाले आणि ते सगळ्यांना वाचता येतात.

२ जून १९७८ ला ओसाकाच्या विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ ची शेपटी धावपट्टीवर घासली. केबिनमधली दाबाची हवा अडवणाऱ्या मागच्या घुमटाचा खालचा अर्धा भाग बदलला. वरचा जुना आणि खालचा नवा अर्धा जोडायला आराखड्यात एक सलग पट्टी होती. प्रत्यक्षात ती पट्टी दोन तुकड्यांत बसली. त्यामुळे काही लांबीत जो भार रिव्हेटच्या दोन ओळींनी वाहायचा होता तो एकाच ओळीवर आला. वरून बघून ते कळत नव्हतं. विमान सात वर्षं उडलं, १२ हजारांहून जास्त वेळा. १२ ऑगस्ट १९८५ ला घुमट फाटला, हवेच्या झोताने उभं शेपूट आणि हायड्रॉलिक नळ्या गेल्या. ५२४ पैकी ५२० माणसं मेली.

दुसरा चायना एअरलाइन्सचा. १९८० मध्ये हाँगकाँगला अशीच शेपटी घासली. खरचटलेला पत्रा पुरता कापून न काढता त्यावर दुसरा पत्रा बसवला, आणि तो इजेच्या पलीकडे पुरेसा पसरलेला नव्हता. ओरखडे तसेच आत राहिले, वरच्या पत्र्याने झाकलेले. त्यातून भेगा वाढल्या. २५ मे २००२ ला विमान हवेतच तुटलं. २२५ माणसं गेली. बावीस वर्षं.

हे अपघात सांगण्याची आपली पद्धतही तपासायला हवी. सेमिनारमध्ये पहिला अपघात ‘एका चुकीच्या रिव्हेटिंगमुळे ५२० मृत्यू’ असा येतो. ऐकायला दणदणीत, पण त्यातून विद्यार्थी शिकतो काय? कामगाराने नीट काम करावं, एवढंच. खरा धडा हिशेबात आहे. धातूचा थकवा, म्हणजे फटीग, सरळ प्रमाणात चालत नाही. विमानाच्या अॅल्युमिनियममध्ये भेगेच्या वाढीचा वेग ढोबळमानाने ताणाच्या तिसऱ्या ते चौथ्या घाताने वाढतो. ताण दुप्पट केलात तर आयुष्य निम्मं होत नाही, आठ ते सोळा पटींनी कमी होतं. म्हणूनच जोड पहिल्या दिवशी तुटला नाही. पहिल्या दिवशीची चाचणी तो आरामात पास झाला असता, आणि धोका तिथेच आहे. दुरुस्ती बरोबर आहे का, हे ‘आज उडतंय का?’ यावरून ठरत नाही.

आता परत ओझरकडे. तिथल्या कामात काही उणीव आहे असं मी म्हणत नाहीये. उलट ज्यांनी तयार विमानात अडीच टनांची नवी वाट काढली त्यांचं काम पहिल्या दर्जाचं आहे. माझी टीका ते काम सांगण्यावर आहे. आपण पहिल्या उड्डाणाची आणि पहिल्या माऱ्याची तारीख लिहितो, म्हणजे फक्त ‘आज उडालं’ एवढंच लिहितो. नंतर कशाकशाची तपासणी करायची, किती तासांनी, नवी कड कुठे आहे, हे प्रश्नसुद्धा लिहीत नाही. वर कौतुक म्हणून ‘देशी जुगाड’ म्हणतो. जुगाड म्हणजे हिशेबाशिवाय भागवणं. हे काम हिशेबाशिवाय झालंच नसतं.

यावर कुणी म्हणेल, अहो, संरक्षणाचा विषय, सगळं कसं सांगणार? मान्य. आकडे सांगू नका. पण विचार करण्याची रीत गुप्त नसते. वर मी जे लिहिलं त्यात एकही गुप्त आकडा नाही.

याचा तुमच्याशी काय संबंध?

एमएस्सीनंतर विषय शोधणारे बरेच जण मला सांगतात, ‘दुरुस्ती? ते वर्कशॉपचं काम, त्यात संशोधन काय?’ हा समज अशाच वाक्यांतून तयार होतो. नवीन विमान म्हणजे विज्ञान, जुन्यात बदल म्हणजे मिस्त्रीकाम. खरं तर बदल करणाऱ्याचा पेपर जास्त अवघड. मूळ रचनाकाराचे सगळे हिशेब हातात असतीलच असं नाही, विमानाने आधीच हजारो तास सोसलेले असतात, आणि खोडून पुन्हा काढायची सोय नसते. मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये अॅलन बेकर यांच्या गटाने १९७० च्या दशकात भेगाळलेल्या अॅल्युमिनियमवर बोरॉन-इपॉक्सीच्या पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली. रिव्हेटसाठी नवी भोकं पाडायची नाहीत, ही साधी कल्पना. त्यातून संशोधनाची अख्खी शाखा उभी राहिली: गोंद किती टिकतो, पट्टीखालची भेग बाहेरून कशी बघायची, कड हळूहळू पातळ केली तर काय होतं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, कुठूनही आलात तरी इथे जागा आहे.

तेव्हा सांगाड्यातल्या बदलाविषयी बातमी, पेपर किंवा स्लाइड वाचाल तेव्हा चार प्रश्न वहीत लिहा. नवा भार कुठून शिरतो आणि कुठे जाऊन संपतो? जो भाग बदलला नाही, त्याच्यावरचा भार किती बदलला? नवा भाग जिथे संपतो तिथे काय आहे? आणि दहा वर्षांनी त्याच्या आत कोण, कशाने बघणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच लेखांत अर्धंमुर्धं सापडतं. चौथ्याचं जवळपास कधीच नाही. ज्या लेखात चौथ्याचं उत्तर नसेल तो टाकून देऊ नका, बाजूला ठेवा. तुमचा विषय कदाचित त्याच रिकाम्या ओळीत असेल.