कानातलं आकाश : इअरफोनच्या तुलनेविषयी काही विचार



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी 'इअरफोनची तुलना' असं सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, यंदा तुम्ही न्यायदर्शनावर बोलणार होतात ना?" मी म्हटलं, "अहो, न्यायदर्शनावरच बोलतोय." त्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे पुढच्या तासाभरात दाखवता आलं तर पाहू.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. कानाच्या बाहेर टेकवायचे ते हेडफोन. मी बोलतोय ते कानाच्या नळीत आत बसणाऱ्या इअरफोनबद्दल. इंग्रजीत त्यांना इन-इअर मॉनिटर म्हणतात, पोरं नुसतं 'आयईएम' म्हणतात. मुळात ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वस्तू. रंगमंचावर गोंगाट इतका, की गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना. १९९५च्या सुमारास जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञानं व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ढोलवादकासाठी अशी जोडी बनवली आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्याच्याही आधी, १९९१ साली, ईटिमोटिक या अमेरिकन कंपनीचा ईआर-४ आला होता. त्याच्यामागं मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे अभ्यासक होते. म्हणजे या वस्तूचं एक मूळ रंगमंचावर आहे, दुसरं कानाच्या दवाखान्यात. हे दुसरं मूळ लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडं यायचंय.

आज ही वस्तू आपल्या जालन्यात, गांधी चमनच्या आसपास कुठल्याही मोबाईलच्या दुकानात टांगलेली दिसते. आणि नेटवर तिची परीक्षणं हजारोंनी आहेत. मी गेल्या वर्षभरात पुष्कळ वाचली. बहुतेकांत तीन रकाने असतात : आवाजाचा दर्जा, कानात बसणं आणि किंमतीचं मोल. प्रत्येकाला दहापैकी गुण, मग बेरीज. माझी पहिली तक्रार या बेरजेविषयी आहे. हे तीन रकाने सुटे नाहीत. दुसरा चुकला तर पहिल्याला अर्थ उरत नाही, आणि पहिला-दुसरा कळल्याशिवाय तिसरा लिहिताच येत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण ते माझ्याच फजितीतून कळलं. मी तीन जोड्या घेतल्या. कंपन्यांची नावं घेणार नाही. मी जाहिरात करायला आलो नाही आणि कुणाची निंदा करायलाही नाही. एक सोळाशेची, एक साडेसहा हजारांची, एक चौदा हजारांची. तिन्ही वायरवाल्या. पेन्शनर माणसानं चौदा हजार कानात घालावेत का, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, तुम्ही परत विचारू नका.

पहिले दोन महिने मी रोज सांगायचो की महाग जोडी फार 'स्वच्छ' आहे. तबल्याचा डग्गा तीत जवळजवळ ऐकूच येत नव्हता, तर त्याला मी 'संयम' असं नाव दिलं होतं! पैसे मोजलेले असले की माणूस उणिवेलाही गुणाचं नाव देतो. मग एकदा माझी नात सुटीला आली. तिनं माझ्या उजव्या कानातली जोडी बोटानं जराशी आत दाबली आणि विचारलं, "आजोबा, आता?" आणि डग्गा आला. घुमारा आला, खर्जाची तार आली. माझ्या उजव्या कानाची नळी डाव्यापेक्षा अरुंद आहे. जोडीबरोबर आलेलं रबरी टोपण तिथं नीट बसतच नव्हतं, फट राहत होती. फट राहिली की खालचे स्वर बाहेर निसटतात. म्हणजे दोन महिने मी परीक्षण केलं ते चौदा हजारांच्या यंत्राचं नव्हतं, दहा-वीस रुपयांच्या रबराचं होतं.

आता न्यायदर्शन. न्याय-वैशेषिकांनी म्हटलंय की शब्द हा आकाशाचा गुण आहे. आणि श्रोत्र म्हणजे ऐकण्याचं इंद्रिय कोणतं? तर कर्णशष्कुलीनं, म्हणजे कानाच्या पोकळीनं, मर्यादित झालेलं आकाश. बी.ए.च्या वर्गात मी हे किती वर्षं शिकवलं, आणि दरवर्षी पोरं हसायची. 'म्हणजे सर, कानातली रिकामी जागा ऐकते?' पदार्थविज्ञान म्हणून ते मत आज कुणी मानणार नाही, मीही मानत नाही. ऐकायला पडदा लागतो, हाडं लागतात, मज्जातंतू लागतात. पण त्या मतातली एक गोष्ट इअरफोन घालताना शब्दशः खरी ठरते : त्या पोकळीचा आकार हा ऐकण्याचा भाग आहे.

कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडदा. बासरीसारखी तिची स्वतःची एक घुमण्याची जागा असते, ती तीन हजार हर्ट्झच्या आसपास. निसर्गतः आपण सगळे जग त्या घुमाऱ्यासकट ऐकतो. इअरफोनचं टोपण घातलं की उघडं टोक बंद होतं आणि तो घुमारा मोडतो. मग बनवणाऱ्याला तो यंत्रातून परत द्यावा लागतो. या जोड्यांच्या आलेखात तीन हजाराजवळ जो उंचवटा दिसतो तो यासाठी. पण तुमची नळी आणि माझी नळी एक नाही. बनवणारा एका सरासरी कानासाठी बनवतो, आणि सरासरी कान असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणून 'ही जोडी उत्तम' हे वाक्य अपुरं आहे. कुणाच्या कानात, कुठल्या टोपणानं, किती आत, एवढं जोडल्याशिवाय ते पुरं होत नाही.

मग तुम्ही म्हणाल, सर, सगळंच ज्याच्या-त्याच्या कानावर असेल तर तुलना कशाला? ज्याला जे आवडलं ते घ्यावं. नाही, तसंही नाही.

डेव्हिड ह्यूमनं अभिरुचीच्या कसोटीवर १७५७ साली एक निबंध लिहिला. त्यात 'डॉन किहोटे'मधली सांचोच्या नातेवाइकांची गोष्ट आहे. दोघांना वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, मला लोखंडाची लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याचा बंद बांधलेली जुनी किल्ली सापडली. दोघांची मतं वेगळी होती, पण दोघंही खरे होते, कारण तळाशी खरोखर काहीतरी होतं.

इअरफोनची तुलना करायची म्हणजे ती किल्ली शोधायची. त्यासाठी तीन पथ्यं. एक, आवाजाची पातळी सारखी हवी. एक जोडी जराशी मोठी वाजली तरी कानाला ती 'चांगली' वाटते, हा फार जुना सापळा आहे. दोन, टोपण घट्ट बसलेलं हवं. तीन, ध्वनिमुद्रण ओळखीचं हवं.

माझी कसोटी म्हणजे तानपुरा. मिरजेचे कारागीर घोडीवरच्या सुतानं जवारी लावतात, तेव्हा ते तुलनाच करत असतात. सूत केसभर सरकवायचं, ऐकायचं, परत सरकवायचं. चांगल्या जवारीत एका तारेतून अनेक स्वर उमलतात. सोळाशेच्या जोडीत तानपुरा गोड लागला, पण चारही तारांचा मिळून एक गोळा झाला. पखावजाची कणीक लावलेली डावी पुडी मात्र तिच्यात हवी त्याहून जड वाजली. साडेसहा हजारांच्या जोडीत तारा सुट्या झाल्या. चौदा हजारांच्या जोडीत, टोपण बदलल्यावर, एक तार छेडल्यावर तिची आस दुसरीखाली कशी जाते तेही कळलं. किशोरीताईंच्या आलापीत श्वास कुठं घेतला ते तिन्हींत ऐकू येतं, स्वर सोडताना तो कसा विरतो ते शेवटच्या जोडीत जास्त चांगलं. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या लावल्या तर तिन्ही जोड्यांत मला फरकच सांगता येईना. मुद्रणातच खालचं आणि वरचं फारसं काही नाही, तर यंत्र कुठून आणणार? ज्याला मुख्यतः जुन्या तबकड्याच ऐकायच्यात त्याला सोळाशे पुष्कळ झाले.

एका ठिकाणी मात्र माझी साक्ष बाद आहे. साडेसहा हजारांची जोडी मला खूप आवडली. नातीनं दोन मिनिटांत काढून ठेवली. म्हणाली, 'स' आणि 'श' कानाला टोचतात. मला टोचत नव्हते. नंतर मी कान तपासून घेतले. वयामुळं माझे वरचे स्वर बरेच गेलेले आहेत. ती जोडी वरचे स्वर जास्त देत होती, माझ्यात तितकेच कमी होते, म्हणून मला ती समतोल वाटत होती. माझी उणीव आणि यंत्राची उणीव एकमेकींना भागवत होत्या. इथं किल्ली नातीला सापडली, मला नाही.

म्हणून आप्ताचा प्रश्न येतो. वात्स्यायनानं आप्त कुणाला म्हटलंय? ज्यानं वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, त्याला. ऋषी असो, आर्य असो, म्लेंच्छ असो, लक्षण एकच. नेटवरच्या परीक्षकाला हीच दोन मापं लावा. त्याचा कान कसा आहे, वय काय, टोपण कुठलं वापरलं, हे तो सांगतो का? आणि जोडी त्याला फुकट मिळाली होती का, खाली दिलेल्या दुव्यावरून तुम्ही घेतली तर त्याला पैसे मिळतात का? पैसे मिळाले म्हणून तो खोटाच असं नाही. पण त्यानं ते सांगायला हवं.

किंमतीविषयी थोडक्यात. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं तपासून दाखवलं की स्वरांच्या वाटपाचा आणि किंमतीचा काही संबंध दिसत नाही. २०२२ साली चीनच्या मूनड्रॉप कंपनीची 'चू' ही जोडी सुमारे २० डॉलरला आली आणि स्वस्तात नीट आवाज मिळतो हे पुष्कळांना पटलं. माझा अनुभवही तोच : सोळाशेपासून साडेसहा हजारांपर्यंत काही मिळतं, तिथून चौदा हजारांपर्यंत फार थोडं. ते थोडं मला प्रिय आहे. पण तुम्हाला ते घ्या असं मी सांगणार नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. 'जालना सोने का पालना' म्हणतात. आज पाळण्यात सोन्यापेक्षा लोखंड जास्त आहे. आपल्या एमआयडीसीत सळया तयार होतात. माझा एक जुना विद्यार्थी रोलिंग मिलमध्ये आहे, वय अडतीस. मी इअरफोनवर काहीतरी करतोय हे कळल्यावर तो घरी आला. म्हणाला, "सर, सगळ्यात मोठा आवाज देणारी जोडी कुठली? मिलमध्ये गाणं ऐकूच येत नाही." आधीची स्वस्त, सैल बसणारी जोडी तो पूर्ण आवाजावर लावत होता.

मी हिशेब मांडला. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. कानाचे डॉक्टर ८५ धरतात, आणि त्यापुढं दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन. गोंगाटावर मात करायला गाणं १००वर नेलं, तर पंधरा मिनिटं. तो आठ तास ऐकत होता. मी त्याला तपासायला पाठवलं. चार हजार हर्ट्झजवळ आलेखात खड्डा निघाला. गोंगाटानं कान गेल्याची ती ओळखीची खूण आहे, आणि तो खड्डा भरून येत नाही.

मित्रहो, मला तेव्हा लाज वाटली. वर्षभर मी तानपुऱ्याची आस मोजत होतो, आणि या पोराला तानपुऱ्याचे वरचे स्वर कुठलीच जोडी आता पूर्ण देऊ शकणार नाही. परीक्षणांच्या तीन रकान्यांत हा प्रश्न कुठंच नव्हता. खरं तर तो 'बसण्या'च्या रकान्यात हवा. घट्ट बसणारी जोडी बाहेरचा गोंगाट अडवते, म्हणून बसमध्ये, बाजारात गाणं हळू लावून भागतं. माझ्या लेखी घट्ट बसण्याचं सगळ्यात मोठं मोल हे आहे, डग्गा त्यानंतर.

पण मिलमध्ये तीही नको. क्रेनचा भोंगा आणि सोबत्याची हाक ऐकू यायला हवी, आणि गाण्याची जोडी हे संरक्षणाचं साधन नव्हे. तिथं कामाचे इअरप्लग किंवा कानावरची टोपणं, आणि गाणं घरी. हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, आठ तास गाण्याशिवाय कसे काढायचे?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही. ते इअरफोनच्या परीक्षणात मिळणारही नाही. आठ तास तसे का काढावे लागतात, हा प्रश्न मिलच्या मालकांना विचारायचा आहे, आणि मोजमाप करणाऱ्या सरकारी खात्याला.

तेवढं सोडून, तुम्ही घेणार असाल तर माझा क्रम असा. आधी कान तपासा. मग टोपणं, दोन-तीन मापांची, हवं तर फोमची. मग सोळाशेची जोडी. ती महिनाभर हळू आवाजात ऐका. तिच्यात नेमकं काय कमी पडतं हे तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगता आलं, तरच पुढचे पैसे घाला.

आता प्रश्न विचारा. मात्र मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्यानं बोलावं. कारण तुम्हाला आता माहीत आहे.