विनोदाचे बोट कोणाकडे?

वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना शहरात नेऊन एक नाटक दाखवावे, अशी आम्हा काही शिक्षकांची धडपड असते. डोळखांबच्या परिसरातून ही मुले येतात. त्यांत महादेव कोळी आहेत, ठाकूर आहेत, कातकरी आहेत, कुणबी आहेत, बौद्ध वस्तीतली आहेत. बहुतेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे हेच पहिले. 'कोणते नाटक पाहायचे?' असे विचारले की वर्गातून एकच उत्तर येते : "सर, हसायचे आणि गाण्यांचे." मागणी रास्त आहे. जीपने आसनगाव, तिथून लोकलने ठाणे, आणि तोच प्रवास परत. रात्रीच्या प्रयोगानंतर आसनगावला उतरले तर पुढे गाडी नाही, म्हणून दुपारचाच प्रयोग हवा. एवढे करून मुलांनी रडून यावे असा आग्रह मी तरी धरणार नाही.

परंतु हसण्याची निवड ही रडण्याच्या निवडीपेक्षा अवघड असते, हे मला एका सहलीने शिकवले. त्या वर्षी आम्ही एक लोकप्रिय विनोदी नाटक पाहिले. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. त्यात गावाकडून आलेला एक गडी होता. तो 'पाणी' म्हणण्याऐवजी 'पानी' म्हणे, आणि प्रत्येक 'पानी'ला सभागृह खो-खो हसे. आमची मुलेही हसली. पुढच्या आठवड्यात वर्गात उतारा वाचायला एका मुलीला उठवले. एरवी पुढे होऊन वाचणारी ही मुलगी मान खाली घालून उभी राहिली. शेवटी म्हणाली, "सर, दुसऱ्या कुणाला सांगा." तिच्या घरी 'पानी'च म्हणतात. माझ्याही घरी म्हणत. (मुंबईच्या नळाला येते ते तानसा-भातसाचे, आमच्या तालुक्यात अडवलेले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी आमची माणसे त्याला 'पानी' म्हणतात, म्हणून शहराला ते कमी ओले लागत नसावे.)

म्हणून प्रश्न केवळ रंजनाचा राहत नाही. विनोदाचे बोट कोणाकडे आहे, हे तिकिटाआधी पाहावे लागते.

मराठीत हसवणाऱ्या संगीत नाटकाच्या ढोबळमानाने दोन वाटा. एक देवल-किर्लोस्करांच्या संगीत रंगभूमीची, दुसरी तमाशाची. पहिल्या वाटेवरचे सर्वांत हसरे नाटक म्हणजे 'संगीत संशयकल्लोळ'. गोविंद बल्लाळ देवलांनी ते आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या प्रहसनावरून आधी गद्यात लिहिले, आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते पदांसह रंगभूमीवर आणले. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्याचे प्रयोग होत राहिले. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती ही नक्षत्रमहिन्यांची नावे मुलांना ऐकताक्षणी आवडतात. घोटाळा सारा एका तसबिरीचा आणि संशयाचा. त्यात भाकरीचा प्रश्न नाही, जातीचा नाही. येथे 'पानी'ला कोणी हसत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण नीट पाहा. कृत्तिका घरंदाज आहे, तिच्यावर नवरा संशय घेतो तेव्हा वेडेपणा नवऱ्याचा ठरतो. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली आहे, आणि तिच्यावरचा संशय प्रेक्षक अर्धा खरा धरूनच बसलेला असतो. एकाच विनोदाला दोन स्त्रियांसाठी दोन मापे. मुलांना हे नाटक दाखवू नये असे मी म्हणत नाही. ती पदे, तो तबला-ऑर्गन त्यांच्या कानांवर पडलाच पाहिजे. त्यावर कोणा एकाची मालकी नाही. मात्र रेवतीविषयी वर्गात आधी बोलून मगच न्यावे.

दुसरी वाट आमच्या घरातून गेलेली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहिताना हात जड होतो. माझ्या आज्याकडे ढोलकी होती. १९५६च्या धर्मांतरानंतर त्याने ती खुंटीला टांगली आणि पुन्हा उतरवली नाही. वडील मजुरी करीत. जत्रेत तमाशाचा तंबू लागला की आम्हा पोरांना हाताला धरून पलीकडून नेत. ज्या कलेने पोट भरले त्याच कलेने पाटलापुढे वाकायला लावले, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी उभा केलेला तमाशा स्वातंत्र्यानंतर सरकारला अश्लील वाटला. मुंबई राज्यात त्याच्यावर बंदी आली आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. त्याच सुमारास स्वच्छ केलेला तमाशा 'लोकनाट्य' म्हणून शहरी सभागृहात स्थिरावत गेला. 'लोकनाट्य' या शब्दाला वजन दिले होते ते अण्णाभाऊ साठ्यांनी. १९४४ साली उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकातून त्यांनी गणातला गणपती आणि गवळणीतली छेडछाड दूर केली, पण सोंगाड्या ठेवला. आणि त्याचे बोट सावकाराकडे, शेटजीकडे वळवले. त्याआधी १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हेच केले होते. माझ्या आज्याला हे माहीत असते तर त्याने ढोलकी उतरवली असती का, हा विचार अधूनमधून मनात येतो.

वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आले आणि दादा कोंडक्यांनी ते घराघरांत पोचवले. त्यातला राजा मूर्ख आहे, प्रधान लबाड आहे, कोतवालाची खुर्ची कशी मिळते हे साऱ्यांना दिसते. बोट वर आहे यात शंका नाही. सत्तेची एवढी बेधडक टिंगल त्या काळच्या पांढरपेशा रंगभूमीवर फारशी नव्हती. माझी तक्रार निराळी आहे. वग आला, बतावणी आली, लावणी आली. ज्यांनी ती घडवली ती माणसे मात्र कनातीतच राहिली. लोकनाट्याचे श्रेय जेव्हा वाटले गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला 'परंपरा' हा शब्द आला. पगार दुसरीकडे गेला.

याला एक मोठा अपवाद म्हणजे दादू इंदुरीकर. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न'मधला त्यांचा सावळ्या कुंभार शहरानेही डोक्यावर घेतला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला. या वगाविषयी आमच्या परिवर्तनवादी मित्रांत दोन मते आहेत. काहींना सावळ्या आणि गंगीच्या बोलण्यावर हसणे म्हणजे कष्टकऱ्याची टवाळी वाटते. मला कथा अधिक गुंतागुंतीची वाटते. एक कुंभार आपल्या गाढवासाठी राजाची मुलगी मागायला जातो! वर्णव्यवस्थेची याहून मोठी फजिती कोणत्या अभिजन नाटकाने केली आहे? सावळ्या अडखळतो, घाबरतो, पण मागणी सोडत नाही. राजा अशक्य अटी घालतो, गाढव त्या पुऱ्या करते. येथवर सारे ठीक. पण शेवटी ते गाढव शापित गंधर्व निघते, आणि राजकन्या योग्य ठिकाणीच गेली म्हणून सभागृह सुटकेचा निःश्वास टाकते. गाढव गाढवच राहिले असते तर? वगाने स्वतः उघडलेले दार स्वतःच लावून घेतले आहे. म्हणून हा वग कोण करतो यावर सारे अवलंबून आहे. सोंगाड्या ताकदीचा असेल तर राजा हास्यास्पद होतो, कच्चा असेल तर कुंभार. २००७ साली यावर चित्रपटही आला. मुलांना कथा बहुधा त्यातूनच ठाऊक असते.

माझ्या विद्यार्थिदशेच्या शेवटी, २०१२ साली, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, संकल्पना व गाणी शाहीर संभाजी भगत यांची. शिवाजी महाराजांना न्यायला आलेला यम, हरवलेला जिरेटोप, तो कोणाच्या डोक्याला बसतो याची शोधाशोध, आणि शाहिरीचा सामना. मी हसत होतो आणि बराच वेळ कशाला हसतो आहे ते कळत नव्हते. मग ध्यानात आले : नट जालन्याकडचे, शेती करणारे, सारे आपल्या बोलीत बोलत होते आणि बोलीला कोणी हसत नव्हते. बोलीतून हसत होते. त्या बोलीत इतिहासाचा युक्तिवाद चालला होता, टोमणे मारले जात होते, पुरावे मागितले जात होते. उत्तरार्धात व्याख्यान थोडे जास्त होते हे माझे मत आजही कायम आहे. पण त्या 'पानी'वाल्या मुलीला मी कोणते नाटक आधी दाखवायला हवे होते, हे सांगण्याची गरज नाही.

अर्थात जाहिरातीत काय लागेल हे आपल्या हाती नसते. चांगल्या नाटकाचे प्रयोग बंद होतात, गडी-विनोदाची नाटके दोन-दोन वर्षे चालतात. तेव्हा एक तयारी आपल्या हाती राहते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. त्यात जोशी एका कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि बाजूला विदूषक उभा राहून प्रेक्षकांशी बोलतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र. फुल्यांचा विदूषक जोशाचे बिंग फोडत राहतो. जोडपे अडाणी आहे, त्यांचे बोलणे अडाण्याचे आहे, तरी हसू त्यांच्यावर येत नाही. येऊ दिलेले नाही. शेवटी ते दोघे शाळेत जायचे ठरवतात.

गेल्या पावसाळ्यात सहलीआधी आम्ही याचे वर्गात वाचन केले. विदूषक कोण वाचणार म्हणून विचारले, तर मुलांनी एकमेकांकडे पाहिले. बोहाड्यात सोंग नाचवणारा एक ठाकूर मुलगा उठला. पुस्तकातले वाक्य त्याने आपल्या बोलीत फिरवून घेतले, मध्येच ठेका धरला, वर्ग हसू लागला. कुणब्याच्या बायकोचे काम दुसऱ्या एका मुलीकडे होते. तिने जोशाला सरळ विचारले, "पानी तरी पिलास का, बामना?" हे वाक्य पुस्तकात नाही. मी ते खोडले नाही.

या वर्षीच्या सहलीसाठी शनिवार-रविवारच्या दुपारच्या जाहिराती कापून ठेवायला मुलांना सांगितले आहे. प्रत्येक कात्रणाखाली त्यांनी एक ओळ लिहून आणायची : यात कोण हसते, आणि कोणाला.