डागडुजी आणि गावकूस

'उपेक्षित वस्ती' हा शब्दप्रयोग मला नेहमी खटकतो. उपेक्षा करणारा कोणीच नाही आणि वस्ती मात्र उपेक्षित, असा चमत्कार त्यात आहे. मराठवाड्यातील दलितांची घरे कोणाच्या विसरभोळेपणामुळे मोडकळीस आली नाहीत. ती गावकुसाबाहेर कोठे असावीत, पाणवठ्यापासून किती दूर असावीत, याचा पुरेपूर विचार झालेला होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतून जी घरे पेटली, त्यांना उपेक्षित म्हणण्याचे धाडस कोण करील? त्या घरांकडे फार बारकाईने लक्ष देण्यात आले होते.

हे सांगण्याचे कारण असे की, धर्मभावनेने प्रेरित होऊन पडकी घरे उभारावीत आणि त्यातून शेजार जोडावा, हा विचार आपल्यातील पुष्कळ कार्यकर्त्यांनाही मोह घालतो. मी चिकलठाण्याला औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्तीत राहतो. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे नामांतराच्या दंगलीत गाव सुटलेली माणसे इथे पत्र्याखाली येऊन राहिली. कोणी कारखान्यात हेल्पर, कोणी बांधकामावर बिगारी. अशा वस्तीत एखादे भजनी मंडळ चुन्याची बादली घेऊन आले, कोणाचा गळका पत्रा बदलून गेले, तर त्याला हाकलून द्यावे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात पत्रा हा पत्राच असतो. माझा प्रश्न वेगळा आहे. घर दुरुस्त करताना घराची जागा या मंडळींना दिसते काय?

या प्रश्नाचे फार जुने उदाहरण संतपरंपरेतच आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर चोखामेळा राबत होता, ते कूस कोसळले आणि त्याखाली तो गाडला गेला, असे परंपरा सांगते. साल १३३८ धरले जाते. पुढे त्याच्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वाराशी समाधी बांधण्यात आली. म्हणजे जे कूस त्याला बाहेर ठेवीत होते, त्याचेच काम करताना तो मेला. आणि भक्तीने त्याला जागा दिली तीही दाराबाहेर. कीर्तनकार रंगवतात तो अस्थींतून उमटणाऱ्या विठ्ठलनामाचा प्रसंग. भिंतीबद्दल त्यांना बोलायचे नसते. वारकऱ्यांचे प्रेम खोटे होते असे नव्हे, पण ते पायरीपाशी थांबले. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा कोठे ते मंदिर अस्पृश्यांना उघडले.

गाडगेबाबा मला म्हणूनच वेगळे वाटतात. परीट जातीत जन्मलेल्या या माणसाने धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरी देत नव्हते त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या दानाचे मर्म किल्लीत आहे. धर्मशाळा बांधणारे श्रीमंत महाराष्ट्रात कमी नव्हते; ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्याच संस्थेच्या हाती ती सोपविणारे किती निघाले? २०००-०१ पासून शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले. गावे चकचकीत झाली, बक्षिसे मिळाली. पण बाबांचा खराटा कीर्तनकाराच्या स्वतःच्या हातात होता. अभियानाची पाहणी संपल्यावर तो कोणाच्या हाती परत गेला, हे वाचकांना सांगायला नको.

तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ ची. तीत श्रमाला प्रतिष्ठा आहे, अस्पृश्यतेला थारा नाही. परंतु गाव हे मुळात एक कुटुंब आहे, ते बिघडले आहे आणि सदाचाराने व सामुदायिक प्रार्थनेने ते सुधारेल, ही तिच्यामागची धारणा मला मान्य करता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याची जी झाडाझडती घेतली, तिचा मी लावतो तो अर्थ असा : खेडे बिघडलेले नाही, ते ज्यासाठी रचले त्याप्रमाणे बिनचूक चालले आहे. बिनचूक चालणाऱ्या यंत्राची डागडुजी करून काय साधणार?

किल्लारीच्या भूकंपात हे उघडे पडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे मेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर आले. ज्यांच्या डोक्यावर हलके छप्पर होते ते तुलनेने वाचले. दारिद्र्याचा असा उपयोग क्वचितच होतो. धार्मिक संस्था धावून आल्या, ट्रस्ट आले, उद्योगपती आले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती, म्हणजे कोरा कागद हाती आला होता. आणि त्या कागदावर शासनाने घराचे माप कशावरून ठरविले? जमिनीवरून. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावरील जमीनदाराला ७५०. मराठवाड्यात जमीन कोणाकडे आहे हे जात सांगते. तेव्हा जुने गावकूस फुटपट्टीने पुन्हा आखले गेले. सर्व जीव समान मानणाऱ्या दात्यांनी या मापाचीच गावे बांधून दिली. एकाच आकाराचे घर देऊ, नाहीतर बांधणार नाही, एवढे म्हणायला कोणता धर्म आडवा आला होता?

आता आपल्या अंगणात येऊ. १९५६ नंतर वस्तीवस्तीत उभे राहिलेले विहार ही आमच्या शेजाराची खरी बांधणी आहे. पोरे तिथे संध्याकाळी अभ्यास करतात, लग्ने लागतात, भांडणे मिटतात. पण तिथेही आता संगमरवराची हौस वाढली आहे. मूर्तीसाठी वर्गणी निघते, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या घराचा उतारा कोणाच्या नावे आहे हे कमिटीला माहीत नसते. चिकलठाण्यातल्या कित्येक घरांना रंग लागला, जागेचा कागद मात्र झालेला नाही. येत्या वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर प्रत्येक घराचे कागदही तपासावेत, अशी सूचना मी आमच्या विहारात मांडली. तरुणांनी ती उचलून धरली. दोघा ज्येष्ठांनी विरोध केला. विहाराची तलाठी कचेरी करू नका, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे.