चौकटीतील मानवाकृती : एका अभ्यासचित्राचे मूल्यमापन

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास विवस्त्र मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला. त्या परंपरेची शिस्त एका अल्पपरिचित समकालीन चित्रकाराच्या प्रस्तुत कोळसाचित्रात दिसते. पाठमोऱ्या बसलेल्या स्त्रीचा भार डाव्या नितंबावर आला असून कण्याची वळलेली रेषा तो खांद्यापर्यंत नेते. मागे टेकलेला हात मात्र कच्चा, जवळजवळ निर्जीव आहे. नाव अपरिचित, म्हणून अशा चित्राची किंमत बहुधा चौकटीवरूनच केली जाते! वस्तुतः याच चौकटीच्या माऊंटखाली पावलांजवळच्या, पुसून पुन्हा ओढलेल्या रेषा अर्ध्या झाकल्या गेल्या आहेत. अभ्यासचित्राचे मोल प्रामुख्याने या दुरुस्त्यांत शोधावे लागते. शिवाय आम्लयुक्त पुठ्ठ्यामुळे कागदाच्या कडा पिवळ्या पडू लागल्या असून तो बदलणे निकडीचे आहे.