लक्ष्मण मस्तुरियांची हाक

रायपुरात नेमणुकीवर आलेल्या मराठी माणसाची छत्तीसगढीशी ओळख बहुधा चपराशी, भाजीवाली आणि फार तर मंडईतला नाचा एवढ्यावरच थांबते. या भाषेलाही आपला शाहीर होता, हे आम्हांसही उशिराच कळले.

लक्ष्मण मस्तुरिया (१९४९–२०१८) हे बिलासपूरजवळच्या मस्तुरीचे. दुर्गकडील बघेऱ्याच्या रामचंद्र देशमुखांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ हा शेतकऱ्याच्या जीवनावरील रंगप्रयोग उभा केला. त्यातून, खुमानलाल साव यांच्या चालींवर, मस्तुरियांची गीते गावोगाव गेली. ‘मोर संग चलव रे’ या गीतात पडलेल्यांना व थकलेल्यांना सोबत चालण्याची हाक आहे. हाक मारणारा उंचावर उभा नाही, हे त्यातले मर्म. दक्षिण आफ्रिकेच्या लकी डुबेने वर्णद्वेषी राजवटीत गाण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या जमैकाचा रेगे उसना घेतला. मस्तुरियांना घरचीच लोकधून पुरली.

तरी आमची एक तक्रार आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’त विरहाची गोष्ट सांगता सांगता बेळगाव-कारवारची नावे येतात आणि भांडण कशासाठी, हे श्रोत्याला उमगते. मस्तुरियांची हाक कोणाविरुद्ध, हे मात्र कळत नाही. म्हणून ती कोणत्याही व्यासपीठावर खपेल: गाऱ्हाणे असणाऱ्याच्या, तशीच ज्याच्याविषयी गाऱ्हाणे आहे त्याच्याही. २००० साली वेगळे राज्य झाल्यावर तर हा धोका वाढलाच.

‘सोनाखान के आगी’ या त्यांच्या काव्याची गोष्ट निराळी. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटणारा सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह हा त्याचा नायक. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. पुढे तो तुरुंगातून निसटला, लढला आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच फासावर गेला. ती जागा जयस्तंभ चौकातली, असे येथे मानतात. आपल्यापैकी कित्येक जण रोज तेथूनच कचेरीला जातात.

या काव्यापुढे आम्हांस नायकापेक्षा तक्रार घेणाऱ्या अंमलदाराच्याच जागी स्वतःला बसवून पाहावे लागले. कोठार दुसऱ्याचे होते, फिर्यादी समोर होता, कायदा त्याच्या बाजूचा होता. आम्ही वेगळा शेरा मारला असता काय? उत्तर चटकन सुचले नाही.

छत्तीसगढी अडेल तेथे आपल्या चपराशालाच अर्थ विचारावा. आम्ही तसेच केले. त्याने आधी चाल म्हणून दाखविली.