बावीस मतं आणि एक यादी : एनएफएल कमिशनर कसा निवडते?

बहुमत जितकं मोठं, तितका निर्णय पक्का, असं आपण सहज धरून चालतो. मतदानाचं गणित हा माझ्या पीएचडीचा विषय, आणि आमच्या क्षेत्रातही मोठ्या बहुमताचं कौतुक भरपूर आहे. पण एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगने आजवर आपले कमिशनर कसे निवडले हे पाहिलं, की त्या कौतुकाला एक मोठी फट दिसते. माझं म्हणणं थोडक्यात असं : दोन तृतीयांश मतांची अट माणूस निवडत नाही, ती फक्त माणूस अडवते. खरी निवड त्याआधी, यादी बनवताना होते. आणि टीका करायची तर त्या यादीवर करायला हवी.

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ. लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाला एक मत. कमिशनर व्हायला किमान दोन तृतीयांश, म्हणजे २२ मतं लागतात. उलट बाजूने पाहिलं तर ११ संघ एकत्र आले की कुणाचीही निवड रोखता येते.

आता गणित. कॅन्टीनमध्ये तीन मित्र बसलेत. पहिल्याची आवड मिसळ, मग वडापाव, मग पोहे. दुसऱ्याची वडापाव, पोहे, मिसळ. तिसऱ्याची पोहे, मिसळ, वडापाव. दोन-दोन पदार्थांवर मत घ्या : मिसळ वडापावला हरवते, वडापाव पोह्यांना हरवतो, आणि पोहे मिसळीला! प्रत्येक वेळी २ विरुद्ध १. म्हणजे बहुमत गोल गोल फिरत राहतं. हा घोळ फ्रान्सच्या कोंदोर्सेने १७८५ मध्येच दाखवून दिला होता.

बहुमताची अट वाढवली की हे चक्र थांबवता येतं. किती वाढवली की किती उमेदवारांपर्यंत आपण सुरक्षित, हे जपानच्या केंजिरो नाकामुरा यांच्या १९७९ च्या निबंधातून काढता येतं. एनएफएलसाठी हा हिशोब कागदाच्या चिठोऱ्यावर होतो. समजा तीन उमेदवार आहेत आणि चक्र तयार झालंय. चक्रातल्या प्रत्येक विजयात किमान २२ मतं, म्हणजे बाहेर राहिलेले जास्तीत जास्त १०. तीन विजयांचे मिळून बाहेरचे फार तर ३०. पण मालक आहेत ३२! म्हणजे निदान दोन मालक तिन्ही विजयांत सामील असणार. त्यांना 'अ' हा 'ब'पेक्षा, 'ब' हा 'क'पेक्षा आणि 'क' पुन्हा 'अ'पेक्षा जास्त आवडायला हवा. कुठल्याही शहाण्या माणसाची आवड अशी नसते. म्हणून तीन उमेदवारांपर्यंत चक्र अशक्य. चौथा आला की बाहेरचे ४० पर्यंत जाऊ शकतात आणि हमी संपते.

सुंदर निकाल आहे, पण तो एकाच आजारावरचं औषध आहे. दुसरा आजार म्हणजे कोंडी : कुणीच २२ पर्यंत पोहोचत नाही. चक्र टाळायला अट जितकी वाढवाल, तितकी कोंडीची शक्यता वाढते. नियम बदलायचा असेल तर कोंडीने फार बिघडत नाही, जुना नियम चालू राहतो. खुर्चीवर माणूस बसवायचा असेल तेव्हा मात्र 'जैसे थे' म्हणजे नेमकं काय? इथे एनएफएलचा इतिहास बोलका आहे.

ऑक्टोबर १९५९ मध्ये कमिशनर बर्ट बेल यांचं फिलाडेल्फियात सामना पाहतानाच निधन झालं. जानेवारी १९६० मध्ये तेव्हाच्या १२ संघांचे मालक मायामी बीचला जमले. दोन नावांवर गट पडले, कुणी हलेना. अखेर २३ व्या फेरीत निवड झाली ती पीट रोझेल यांची. वय ३३, लॉस एंजेलिस रॅम्सचे जनरल मॅनेजर, आणि सुरुवातीच्या शर्यतीत त्यांचं नावही नव्हतं. पुढे जवळपास तीन दशकं ते कमिशनर होते. कोंडी झाली खरी, पण यादी उघडी होती, म्हणून तिसरं नाव आत येऊ शकलं.

१९८९ मध्ये रोझेल यांनी निवृत्ती जाहीर केली. शोध समितीत जुन्या, वजनदार मालकांचा वरचष्मा होता. जुलैमध्ये तिने एकच नाव पुढे केलं : जिम फिंक्स. माणूस अनुभवी, त्याच्याबद्दल फारशी तक्रार कुणाची नव्हती. पण नव्या मालकांना राग आला तो 'हे नाव घ्या आणि शिक्का मारा' या पद्धतीचा. २८ पैकी १९ मतं हवी होती. ११ संघ तटस्थ राहिले आणि फिंक्स अडकले. ऑक्टोबरमध्ये लीगचेच वकील पॉल टॅग्लियाबू निवडून आले. तोवर खुर्चीत कोण होतं? रोझेलच. यादी बंद होती, म्हणून बंड झालं.

२००६ मध्ये हा धडा गिरवलेला दिसतो. समितीने सुमारे १८५ नावांपासून सुरुवात करून पाच अंतिम उमेदवार ठेवले. त्यात क्लीव्हलँडचे एक वकील होते, वित्त क्षेत्रातले एक अधिकारी होते, ऊर्जा कंपनीचे एक प्रमुख होते. कागदावर ही यादी खुली वाटते. पण ८ ऑगस्टला मतदान सुरू झालं आणि दुसऱ्या फेरीपासून मतं फक्त दोघांना : लीगचे मुख्य कार्यचालन अधिकारी रॉजर गुडेल आणि लीगचे बाहेरचे वकील ग्रेग लेव्ही. तिसऱ्या फेरीत १७-१४, चौथीत २१-१०, पाचवीत २३-८. ओकलंड रेडर्स प्रत्येक फेरीत तटस्थ.

चौथ्या फेरीचा आकडा पुन्हा बघा. २१ मतं, एक कमी. हजर मतांच्या दोन तृतीयांशची अट असती तर ३१ मध्ये २१ पुरले असते आणि गुडेल तिथेच निवडून आले असते. अट एकूण संघांवर असल्यामुळे तटस्थ मत हे प्रत्यक्षात विरोधी मत ठरतं. फिंक्स यांनाही तेच भोवलं.

इथे माझा आक्षेप येतो. कोंडीच्या भीतीने मतदार ओळखीच्या माणसाकडे सरकतात, कारण २२ जणांना एकाच वेळी अनोळखी माणसावर भरवसा ठेवायला लावणं अवघड. रॅम्सचा मॅनेजर, लीगचा वकील, लीगचा अधिकारी : तिन्ही वेळा निवडलेला माणूस घरातलाच. घरातला माणूस वाईटच असतो असं नाही. रोझेल यांचं काम उत्तमच होतं. पण मग १८५ नावांच्या शोधाचा अर्थ काय उरतो? बाहेरची नावं यादीच्या शोभेला ठेवल्यासारखी दिसतात.

आणि हा फक्त मालकांच्या घरचा मामला नाही. ५३ जणांचा एक संघ धरला तर ३२ संघांत १,६९६ खेळाडू होतात. या मतदानात त्यांची मतं शून्य. पण त्यांना शिक्षा करण्याचे अधिकार याच खुर्चीकडे. टॉम ब्रेडीच्या चार सामन्यांच्या बंदीचं प्रकरण आठवा : शिक्षा लीगची, आणि अपील ऐकणारे स्वतः गुडेल. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने २-१ ने बंदी कायम ठेवली, कारण खेळाडू संघटनेने केलेल्या करारातच कमिशनरला तो अधिकार होता. २०२० च्या करारात वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांसाठी दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला अधिकारी आला, पण अपील पुन्हा कमिशनरकडे किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडेच जातं. ज्यांच्यावर सत्ता चालणार त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांनाच तो माणूस पगार मागणार! २२ चा आकडा मालकांमधला समतोल राखतो. न्यायाचा समतोल त्याच्या कक्षेतच येत नाही.

मग करायचं काय? दोन तृतीयांशची अट काढा, असं मी म्हणणार नाही. ती काढली तर १७ मालक मिळून १५ जणांवर आपला माणूस लादतील. बदल यादीत हवा. अंतिम नावं तीनच ठेवावीत, म्हणजे चक्राची भीती गणितानेच संपते. ठरावीक फेऱ्यांत कुणी २२ गाठलं नाही तर शेवटचं नाव गळावं आणि समितीला एक नवं नाव आणता यावं, म्हणजे १९६० सारखी वाट मोकळी राहते. आणि शोध समितीत खेळाडू संघटनेचा एक माणूस बसावा. मत नको, फक्त यादी बनताना खोलीत जागा. मालक एवढं सहज देणार नाहीत, हे दिसतंच आहे. पण मागायचं असेल तर ते करार होतानाच मागावं लागेल, मतदानाच्या दिवशी नाही.

२०२३ मध्ये वाढवलेला गुडेल यांचा करार २०२७ पर्यंतचा आहे. पुढची निवड कधी ना कधी येईलच. तेव्हा सगळ्यांचं लक्ष कितव्या फेरीत कुणाला किती मतं पडली याकडे असेल. तुम्ही मात्र त्याआधीची बातमी शोधा : यादी कुणी बनवली, आणि त्यात नावं किती?